गाळलेली जागा

रचना ओव्हाळला राग येतो, ही बातमी ती कामावर रुजू व्हायच्या आधीच ठाण्याच्या त्या ऑफिसात पोचली होती. मुलाखतीत एकाने तिला विचारलं होतं, मोहन्यासारख्या ठिकाणाहून येऊन एवढे मार्क कसे काय, काही सवलत वगैरे मिळाली का? तिने टेबलावरची आपली गुणपत्रिका त्याच्याकडे वळवली, विद्यापीठातल्या क्रमांकावर बोट ठेवलं आणि म्हणाली, "हा मार्कांचा क्रमांक आहे. सवलतीचा वेगळा छापतात का, ते तुम्हीच सांगा." तरीही नोकरी मिळाली, कारण समोर बसलेल्या प्रशांत सरांना तिने मुलाखतीआधीच्या परीक्षेत लिहिलेला प्रोग्राम मनापासून आवडला होता. पण 'हुशार आहे, जरा तापट आहे' हा शेरा तिच्या नावाला चिकटला तो चिकटलाच. पुढे तिने काहीही म्हटलं, अगदी खिडकी उघडा म्हटलं, तरी लोक एकमेकांकडे बघून हसायचे.

तापट ती होतीच. हा गुण आईकडून आलेला. वडील, रामा ओव्हाळ, मोहन्याच्या रेयॉनच्या कारखान्यात होते. आम्लाच्या वाफेने डोळे चुरचुरत, तरी कधी कोणाकडे तक्रार केली नाही. कारखाना बंद पडला तेव्हाही नाही. कल्याणात एका इमारतीच्या फाटकाशी खुर्ची टाकून बसू लागले आणि येणाऱ्याजाणाऱ्याला नमस्कार करू लागले. आई, भीमाबाई, मात्र दोघांच्या वाटणीचं भांडायची. रेशनच्या दुकानात मापात मारलं तर सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं भांडायची. तिचं म्हणणं एकच असायचं, की आपलं चुकलं नसेल तर आवाज खाली कशाला ठेवायचा. रचना त्याच आवाजात वाढली, कल्याणच्या कॉलेजात शिकली आणि प्रोग्रामिंगमध्ये रमली. तिथे निदान कोणी गोड बोलून फसवत नाही, असं तिला वाटायचं.

ठाण्याच्या कंपनीत तिचं काम मेसेजचं होतं. लॅब, शाळा, पतपेढ्या यांच्याकडून माहिती यायची आणि कंपनीच्या प्रोग्राममधून मेसेज होऊन लोकांच्या मोबाइलवर जायची. मजकुराचा साचा ठरलेला, त्यात मध्येमध्ये जागा सोडलेल्या. शाळेच्या पेपरात 'गाळलेल्या जागा भरा' असायचं, तसंच. साच्यात महिरपी कंस करून आत 'नाव' लिहिलं, की तिथे ज्याचं त्याचं नाव जाऊन बसायचं. 'तारीख' लिहिलं, की तारीख. हे सगळं पायथन नावाच्या भाषेत चालायचं आणि त्या भाषेचा एक स्वभाव रचनाला फार पटायचा. साच्यात जागा आहे, पण भरायला काही दिलंच नाही, तर ती भाषा पुढे जायची नाही. अमुक गोष्ट मला मिळालेली नाही, असं तोंडावर सांगायची आणि थांबायची. अंदाजाने काही भरणं नाही की गुपचूप गाळून टाकणं नाही.

त्या थांबण्यावरूनच पहिला खटका उडाला. जानेवारीतल्या एका सकाळी कुठल्याशा पतपेढीच्या माहितीत तारीखच आली नाही. प्रोग्राम थांबला आणि त्याच्या मागे उभे असलेले सगळ्यांचे मेसेज अडकून पडले. दुपारपर्यंत गिऱ्हाइकांच्या फोनांनी ऑफिस दणाणलं. प्रशांत सरांनी सगळ्यांना एका खोलीत बोलावलं. माणूस तसा वाईट नव्हता. कोणाच्या घरी आजारपण असलं तर स्वतः सुट्टी देणारा. पण गिऱ्हाइकाचा आवाज चढला की याचे हातपाय गळायचे. त्यांनी जाहीर केलं, की यापुढे मेसेज थांबता कामा नये. एखादी गोष्ट आली नाही तर ती जागा रिकामी जाऊ द्यायची. लोक घेतात समजून.

रचना म्हणाली, "सर, समजून घ्यायला आधी दिसायला तर पाहिजे, की काहीतरी राहिलंय."

मग तिने मधला रस्ता सुचवला. जो मेसेज अपुरा आहे तेवढाच बाजूला काढायचा, बाकीचे जाऊ द्यायचे, आणि ज्याच्याकडून माहिती अपुरी आली त्याला त्याच दिवशी कळवायचं. थोडं काम होतं, पण अवघड नव्हतं. सर म्हणाले, रोज उठून गिऱ्हाइकाच्या चुका काढत बसलो तर गिऱ्हाईक राहील का? नंतर बघू. आणि तिच्यावर सोपवलं तर ती पुन्हा वाद घालेल म्हणून त्यांनी स्वतःच बसून तो बदल केला. चार ओळींचा. न मिळालेल्या प्रत्येक गोष्टीच्या जागी रिकामं. काही राहिलं होतं याची नोंदसुद्धा कुठे होणार नव्हती. रचना संतापली, पण गप्प राहिली. वर्षाच्या मूल्यमापनात 'स्वभावावर काम करावे' असं नुकतंच वाचून झालं होतं. एकदा गप्प बसून बघू, असं तिने ठरवलं.

रचना दिव्याला राहायची. नवरा महेंद्र पालिकेच्या शाळेत शिक्षक. त्यांची इमारत तुळसा म्हात्रेच्या मालकीची. तिच्या सासऱ्याच्या भातखाचरावर ती उभी होती आणि साठीला टेकलेली तुळसा तळमजल्यावर दारातच बसलेली असायची. रचना नवीन राहायला आली तेव्हा दोघींचं पाण्यावरून जोरदार वाजलं होतं. टँकर आला की तुळसा आधी नात्यातल्यांचे पिंप भरून घ्यायची. रचनाने पाइप धरून ठेवला आणि सगळ्यांसमोर विचारलं, भाडं घेताना नातं बघता का? तुळसा तिच्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "भांडतंस बरी. चल, च्या पी." तेव्हापासून रचनाची ती मावशी झाली. मुलगा काळुराम वीटवाळूच्या धंद्यात दिवसभर बाहेर, सून माहेरच्या आजारपणात गुंतलेली. म्हणून दवाखान्याचं, बँकेचं, काय असेल ते तुळसा रचनाला विचारायची.

फेब्रुवारीत एका मोठ्या लॅबने दिव्यात बायकांसाठी तपासणीचं शिबिर भरवलं. रचना सगळ्या मजल्यांवर फिरली, बायकांना घेऊन गेली. तुळसा तयार नव्हती. डाव्या छातीत गाठ लागते हे तिने रचनाला कधीतरी हळूच सांगितलं होतं, पण दुखत नाही तर दाखवायचं कशाला, म्हणायची. रचनाने तिला अक्षरशः हाताला धरून नेलं. सुईने नमुना घेतला, मोबाइलवर कळवू म्हणाले. काही दिवसांनी तुळसाने वरच्या मजल्याकडे तोंड करून सांगितलं, की मेसेज आला, काळूने वाचला, सगळं चांगलं आहे. रचनाला हायसं वाटलं. कामाच्या रगाड्यात ती विसरून गेली.

जुलैत एका रविवारी ती खाली बसली होती. तुळसा डावा हात उचलून दोरीवर लुगडं टाकायला गेली आणि कळवळून खाली बसली. रचनाने बघितलं. गाठ आता लपत नव्हती. वरची कातडी आत ओढली गेली होती. तिने विचारलं, मेसेजमध्ये नक्की काय लिहिलं होतं?

"चांगलाच लिवलाय," तुळसा म्हणाली. "शुभेच्छा दिल्यान. आजारी मानसाला कोन शुभेच्छा देतंय का?"

रचनाने मोबाइल मागून घेतला आणि मेसेज शोधला. 'नमस्कार तुळसा म्हात्रे, आपल्या तपासणीचा अहवाल तयार असून तो शिबिराच्या डॉक्टरांकडे पाठवला आहे. आपल्या उत्तम आरोग्यासाठी शुभेच्छा.'

वाचणाऱ्या कोणालाही त्यात काही कमी दिसलं नसतं. रचनाला दिसलं, कारण ही लॅब त्यांच्याच कंपनीची गिऱ्हाईक होती आणि हा साचा तिने स्वतः बसवला होता. या दोन वाक्यांच्या मध्ये एक जागा होती. 'सूचना' नावाची. अहवाल ठीक असेल तर तिथे यायचं, की काळजीचं कारण नाही. ठीक नसेल तर यायचं, की अहवाल घेऊन आठवड्याच्या आत तज्ज्ञ डॉक्टरांना भेटा. मेसेजमध्ये दोन्हींपैकी काहीच नव्हतं. ती जागा रिकामी गेली होती आणि वाक्यं एकमेकांना अशी चिकटून बसली होती, की मध्ये काही होतं असा संशयही येऊ नये.

तिने तुळसाला एवढंच सांगितलं, की उद्याच्या उद्या ठाण्याला डॉक्टरकडे जायचं, काळुरामला काम बाजूला ठेवायला सांगा. बाकीचं सांगण्याआधी तिला खात्री करून घ्यायची होती.

खात्री सोमवारी सकाळीच झाली. लॅबने फेब्रुवारीच्या सुरुवातीला नवीन यंत्रणा बसवली होती. तिच्यात गाठीच्या आणि मांसाच्या तुकड्यांच्या तपासण्यांसाठी 'सूचना' या खणाचं नाव बदलून 'सल्ला' झालं होतं. माणसाला दोन्हींचा अर्थ सारखाच. पण प्रोग्रामला अर्थ कळत नाही, नाव कळतं. लॅब 'सल्ला' पाठवत होती, साचा 'सूचना' मागत होता, आणि सरांच्या त्या चार ओळी दरवेळी मागणी आणि पुरवठा यांच्या मध्ये उभ्या राहून म्हणत होत्या, काही नाही ना, मग रिकामं जाऊ दे. जुन्या पद्धतीने प्रोग्राम पहिल्याच मेसेजला थांबला असता आणि त्याच सकाळी सगळं उघडकीला आलं असतं. आता महिन्यांमागून महिने तसेच मेसेज गेले होते. तपासणी कसली, तर गाठींची आणि मांसाच्या तुकड्यांची. जिथे सूचना सगळ्यात महत्त्वाची, नेमकी तिथेच गाळलेली.

तिने प्रशांत सरांच्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं आणि सगळं दाखवलं. सरांचा चेहरा उतरला. मग एकेक वाक्य येऊ लागलं. नाव लॅबने बदललं, म्हणजे चूक लॅबची. आधी वकिलांशी बोलावं लागेल. बदल आपण आजच दुरुस्त करू, गाजावाजा नको. आणि ज्यांना अपुरे मेसेज गेले त्यांना एक नवा मेसेज पाठवू. गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत, कृपया केंद्राशी संपर्क साधा.

"लॅबचं चुकलंच," रचना म्हणाली. "लोक चुकणार म्हणूनच तर ती भाषा थांबते. तिला न थांबायला तुम्ही शिकवलंत."

सर म्हणाले, "रचना, तू फार मनाला लावून घेतेस."

हे वाक्य तिने आयुष्यात इतक्यांदा ऐकलं होतं, की त्याचा राग येणंसुद्धा बंद झालं होतं. त्या दिवशी मात्र तो आला. कोणाला दिलगिरी पाठवताय, तिने विचारलं. जे वाचतील त्यांना? ज्यांना वाचता येत नाही म्हणून मुलगा वाचून दाखवतो, त्यांना? एकेकाला फोन झाला पाहिजे, माणसाने माणसाशी बोललं पाहिजे, आणि आज. सर म्हणाले, वकिलांशी बोलल्याशिवाय नाही. तिने बॅग उचलली आणि बाहेर पडली. कोणी अडवायच्या आत रिक्षात बसून ती लॅबच्या ठाण्याच्या मुख्य केंद्रावर गेली.

तिथल्या प्रमुख डॉ. निशिगंधा भोईर. नमुने तपासून अहवालावर सही करणाऱ्या त्याच. त्यांनी आधी हात झटकले. आमच्याकडून प्रत्येक सूचना वेळेवर गेलीय, म्हणाल्या, आणि संगणकावर दाखवलंही. रचनाने आपल्या फोनवर तुळसाच्या मेसेजचा फोटो काढून आणला होता. तो तिने समोर धरला. डॉक्टरबाईंनी तो दोनदा वाचला आणि त्या खुर्चीत बसल्या. मग हळूहळू सगळं जुळत गेलं. पेशंटला मेसेज गेलाय म्हणून डॉक्टर निर्धास्त. काही असतं तर डॉक्टरांनी बोलावलं असतं म्हणून पेशंट निर्धास्त. आणि शेवटी शुभेच्छा.

डॉ. निशिगंधांनी वकिलाचं नाव काढलं नाही. त्यांनी दुपारची कामं थांबवली, हाताशी होती तेवढी माणसं बसवली आणि वाईट अहवालवाल्यांना फोन लावायला सांगितलं. माणसं कमी पडत होती. रचना म्हणाली, मला द्या एक फोन. बाईंनी थोडं थांबून तो तिच्यापुढे सरकवला.

पहिल्या काही फोनांवर लोक गोंधळले, घाबरले, एकीने शिव्या दिल्या. रचनाने त्या ऐकून घेतल्या. मग कल्याण पूर्वेच्या कलावती जाधव यांचं नाव आलं. गर्भपिशवीतून नमुना घेतलेला, तोही फेब्रुवारीतच. फोन एका पुरुषाने उचलला. कलावतीबाईंशी बोलायचं आहे, रचना म्हणाली.

"ती नाही," तो म्हणाला.

कधी येतील, असं तिने विचारलं.

"मागच्या महिन्यात गेली ती. मी तिचा नवरा, परशुराम. कोण बोलताय?"

रचनाने नाव सांगितलं. ती म्हणाली, की कलावतीबाईंच्या तपासणीबद्दल काही सांगायचं आहे, मी घरी येऊन सांगते. फोन ठेवून ती जिन्यात जाऊन उभी राहिली आणि भिंतीवर हाताची मूठ मारली. रडू आलं नाही तिला. तिला त्या क्षणी कोणाची तरी मान पिरगाळायची होती, आणि त्यात प्रशांत सर होते, लॅब होती, आणि जानेवारीत एकदा गप्प बसून बघू म्हणणारी ती स्वतःही होती.

घरी जाऊन तिने आधी तुळसाला सगळं सांगितलं. डॉक्टरकडून नुकताच परतलेला काळुरामही होता. तो उठून उभा राहिला आणि आवाज चढवून म्हणाला, की वरची खोली खाली करा. तुळसाने त्याला हाताने खाली बसवलं. मग तिने विचारलं, "म्हंजे ह्यो मेसेज तुजे हापिसातशी आयला?" रचना हो म्हणाली. तुळसाने तोंड भिंतीकडे फिरवलं. तिची शस्त्रक्रिया मुंबईच्या हॉस्पिटलात झाली. फेब्रुवारीत नुसती गाठ काढून भागलं असतं, आता छाती काढावी लागली आणि पुढे केमोच्या बाटल्यांचे जीवघेणे महिने. त्या सगळ्या काळात ती रचनाशी एक अक्षर बोलली नाही. रचना रोज खाली जाऊन डबा ठेवायची. डबा धुऊन परत यायचा. केस गळून गेल्यावर एकदा तुळसाने तिला दारात थांबवलं आणि म्हणाली, "राग हाय माजा तुजेवर. तो जानार नाय. पन तू येऊन सांगितलंस. दुसरा कोन आला?" आणि आत जाऊन तिने चहा टाकला.

परशुराम जाधवकडे रचना फोन केला त्याच आठवड्यात गेली होती. परिवहनच्या बसवर कंडक्टर असलेला, मोजकं बोलणारा माणूस. कलावती घरीच शिवणकाम करायची. तिची मशीन अजून खिडकीशी होती, सुईखाली अर्धवट झालेलं ब्लाउज तसंच. मेसेज त्याने जपून ठेवला होता. त्याने तो रचनाला वाचून दाखवला आणि म्हणाला, आम्ही त्या दिवशी श्रीखंड आणलेलं. रचनाने त्याला जे घडलं ते काही न लपवता सांगितलं. त्याने शेवटी एवढंच विचारलं, की हे तुम्ही सगळ्यांसमोर, कोर्टातसुद्धा बोलाल का? बोलीन, ती म्हणाली.

त्या एका शब्दाची किंमत तिला लगेच कळली. कंपनीने तिला गोपनीयतेच्या कराराची आठवण करून दिली, मग बढतीचं आमिष दाखवलं, मग तिच्याकडून सगळं काम काढून घेतलं. ऑफिसात तिच्या शेजारी जेवायला कोणी बसेना. महेंद्रला तिने विचारलं, काय करू? तो म्हणाला, "बोल तू. नोकरी गेली तर सगळं आरामात होईल, असं मी म्हणणार नाही. ओढाताण होईल. करू." नोकरी तिने सोडली की तिला काढलं, यावर कंपनीत दोन मतं आहेत. ती स्वतः म्हणते, मी सोडली, त्यांनी दार उघडून धरलं होतं. त्याआधी एका बैठकीत प्रशांत सरांनी पडद्यावर कंपनीची नवी सुरक्षित पद्धत समजावून सांगितली. अपुरा मेसेज बाजूला काढायचा, बाकीचे जाऊ द्यायचे, ज्याची माहिती अपुरी त्याला त्याच दिवशी कळवायचं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. रचना उठून उभी राहिली. तिने विचारलं, हे जानेवारीत का नाही केलं? सरांनी पाणी प्यायला घेतलं. तिने पुन्हा विचारलं. उत्तराची वाट बघत ती उभीच राहिली, आणि शेवटी बैठकच गुंडाळावी लागली.

परशुरामने ठाण्याच्या ग्राहक न्यायालयात लॅब आणि कंपनी दोघांवर दावा लावला. तारखांवर तारखा पडल्या. डॉ. निशिगंधांनी लॅबच्या वतीने चूक कबूल केली. कंपनी अडून राहिली. रचनाची साक्ष झाली तेव्हा तिला दुसरी, छोटी नोकरी लागलेली होती, डोंबिवलीत. कंपनीचे वकील अनुभवी आणि हसतमुख होते. त्यांनी कलावतीच्या मेसेजची प्रत तिच्या हातात दिली आणि विचारलं, की यातला एक तरी शब्द खोटा आहे का?

"नाही," ती म्हणाली.

अहवाल तयार होता? होता. डॉक्टरांकडे पाठवला होता? होता. मग माझ्या अशिलाने खोटं काय सांगितलं?

रचनाचा आवाज चढला. न्यायालयाच्या अध्यक्षांनी तिला हळू बोलायला सांगितलं. ती थांबली, घोटभर पाणी प्यायली आणि हळू आवाजात म्हणाली, "सांगायचं होतं ते सांगितलं नाही. आणि सांगायचं राहिलंय, हे कळूही दिलं नाही. प्रोग्रामला ते कळत होतं, साहेब. तो ओरडणार होता. त्याचं तोंड यांनी मुद्दाम दाबलं."

वकिलांनी विचारलं, की कंपनीवर तुमचा वैयक्तिक राग आहे, हे खरं ना? खरं आहे, ती म्हणाली. तुमचा का नाही, ते मला कळत नाही. अध्यक्षांनी हे वाक्य नोंदीतून वगळायला लावलं.

निकाल परशुरामच्या बाजूने लागला. कंपनीने हेतुपुरस्सर एक सुरक्षा काढून टाकली, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं. कंपनी वर अपिलात जाणार, हे त्याच दिवशी कळलं. प्रशांत सर निकालाला आले होते, मागच्या बाकावर एकटेच. बाहेर पडताना ते रचनासमोर थांबले, काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण ती बाजूने निघून गेली. माफ करायची तिची तयारी नव्हती आणि तसं दाखवायचीही नव्हती.

बाहेर रस्त्याच्या कडेला परशुराम निकालाची प्रत घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवत होता. त्याचा चेहरा जिंकलेल्या माणसाचा नव्हता. दोघं बस थांब्यापर्यंत चालत गेले. कोर्टात एवढं सगळं बोलणं झालं, पण एक गोष्ट कोणी विचारलीच नाही, असं तो म्हणाला.

"मॅडम, तो प्रोग्राम थांबला असता, तर कोणाचं काय बिघडलं असतं?"

"सकाळचे मेसेज दुपारी गेले असते," रचना म्हणाली.

परशुरामने तिच्याकडे बघितलं. दुपारी, असं तो एकदा पुटपुटला. तेवढ्यात त्याची बस आली.